नागनाथमामांची लाईन

नागनाथमामा दाराची बेल कोपराने वाजवत. डाव्या खांद्यावर वीस लिटर पाण्याचा कॅन आडवा, उजव्या हातात दुसरा, गळ्याला धरून लटकवलेला. बोट मोकळं नसे. मग थोडं तिरकं होऊन उजवं कोपर बटणावर टेकवायचं. दार उघडायला कधी वेळ लागे. कोणी अंघोळीला गेलेलं असे, कोणी लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये. तरी मामा कॅन खाली ठेवत नसत. भिंतीकडे बघत तसेच उभे राहत. दार उघडलं की सरळ स्वयंपाकघरात जाऊन खांद्यावरचा कॅन खांद्यावरूनच स्टँडवर चढवायचा आणि हातातला ओट्यावर. पाण्याचा थेंब सांडत नसे, आणि याचा त्यांना अभिमान होता.

चौथ्या मजल्यावर सोहनी मॅडम राहतात. त्या पुण्याच्या, आयटीमध्ये. फार चांगल्या बाई. दार उघडायला उशीर झाला की त्यांना वाईट वाटे. अहो, खाली ठेवायचा ना तोवर, असं त्या दर वेळी म्हणत. मामांचं उत्तर ठरलेलं असे.

"खाली ठिवलं की परत उचलावं लागतंय, म्याडम. वझं खांद्यावर गेलं की गप बसतंय. भुईवरनं उचलतानाच ते भांडतंय."

माझे वडील त्या अपार्टमेंटचे वॉचमन. तेलुगू मुलखातल्या या शहरात, कुकटपल्लीच्या त्या गल्लीत अशा बऱ्याच इमारती आहेत. आमची पाच मजल्यांची आणि लिफ्टची. बाकीच्या जुन्या, बिनलिफ्टच्या. आमची खोली पार्किंगमध्ये, जिन्याखाली. नोकरीबरोबर खोली मिळालेली, म्हणजे नोकरी आहे तोवर खोली. जिना आमच्या छपरावरूनच वर जायचा, त्यामुळे कोण चढतंय हे मला पुस्तकातून डोकं वर न करता कळे. मामांचं पाऊल जड होतं, पण त्यात थांबणं नव्हतं.

आईचं माहेर उदगीरजवळचं, आणि मामांचं गाव तिथून दोन ओढे ओलांडले की येतं. तेवढ्यावर आईने त्यांना भाऊ केलं. मग ते वडिलांना दाजी म्हणू लागले आणि मी त्यांची भाची झाले. मला ते मास्तरीण म्हणत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. जामबागच्या कॉलेजात बीकॉमला आहे, मास्तरीण होणार नाही, असं मी पुष्कळदा सांगितलं. त्यावर ते म्हणत, बँकेत बी शाळा शिकूनच जातेत ना, मंग झालं तर.

आमच्याकडे चहा घेताना ते कधी खुर्चीवर बसले नाहीत. चौकटीला पाठ लावून उभे राहत आणि बशीतून चहा पीत. मजल्यांना त्यांनी नावं ठेवली होती. पहिला मजला मेहुणी, हसत हसत जाता येतं. दुसरा बायको, काही न बोलता गुमान चढायचं. तिसरा मेव्हणा, उगीच अडवून धरतो. चौथी सासू. पाचवा सासरा, तिथे पाणी द्यायचं आणि मागे वळून बघायचं नाही. एकदा आईने टोमणा मारला, एवढं सगळं गोत जिन्यावर बसवलंत दादा, बहीण कुठल्या मजल्यावर? मामा म्हणाले, "बहीण तळमजल्याला. तितं चहा मिळतंय."

आई शिवणकाम करते. एका दिवाळीला तिने मामांना शर्ट शिवला. घालून बघितला तर खालची कड एका बाजूला बोटभर वर. आई खजील झाली. तिने शिवण उसवली, मापं परत घेतली, कड नव्याने घातली. पुन्हा तसंच. शेवटी तिने शर्ट खाटेवर पसरून बघितला. शर्ट सरळ होता. मग ती मामांकडे बघत राहिली. मामांना काही कळलं नाही. ते म्हणाले, राहू द्या ओ अक्का, कॅन उचलला की बराबर होतंय. आईने मग ती कड मामांच्या अंगाप्रमाणे वाकडी करून दिली.

लाईन हा शब्द मी त्यांच्याकडून शिकले. पाण्याचा प्लांट मालकाचा असतो, मागे कॅन लादायचा ट्रॉली ऑटो भाड्याचा असतो, पण घरं पोचवणाऱ्या माणसाची असतात. ज्याने ज्या घरात रोज पाणी नेलं, ती त्याची लाईन. कुठे लिहिलेलं नसतं, पण दुसरा पाणीवाला त्या जिन्यावर पाऊल ठेवत नाही. मात्र माणूस आठवडाभर दिसला नाही की लाईन मोकळी झाली असं समजतात. मग जो पहिला चढेल त्याची. त्यावर भांडण होत नाही. जुना माणूस परत आला तरी नव्याला कोणी नावं ठेवत नाही. पाण्याशिवाय लोक किती दिवस थांबतील, असंच सगळे म्हणतात.

अकाउंट्सच्या तासाला आम्हाला गुडविल शिकवलं, दिसत नाही पण विकता येते अशी मालमत्ता. मला वाटलं, मामांची लाईन. नंतर वाटलं, तसं नाही. ती विकता येत नव्हती. रोज चढलं तरच ती होती.

मामांना ही लाईन यादगिरी अण्णांकडून आली होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, बोनालूच्या, म्हणजे इथल्या देवीच्या सणाच्या, सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या ऑटोच्या फळीवर बसून. तेव्हा ते प्लांटवर कॅन धुण्याचं काम करत. यादगिरी अण्णांची कंबर धरली. त्यांनी मामांना सांगितलं, थोडे दिवस माझी घरं सांभाळ. मामांनी इमानाने सांभाळली. अण्णा उठायला लागले तोवर उन्हाळा आला होता. घराघरात मामांचा नंबर लिहून झाला होता, आणि मामा जवान होते, दोन दोन कॅन नेत होते.

"त्यानं दे म्हटलं न्हाई," मामा म्हणाले. "मी बी घे म्हटलं न्हाई."

यादगिरी अण्णा आता गल्लीच्या तोंडाशी, चहाच्या गाडीपाशी बसलेले असतात. कमरेतून पुढे वाकलेले, त्यामुळे बसले असले तरी उठण्याच्या बेतात असल्यासारखे दिसतात. मामा रोज सकाळी ऑटो तिथे थांबवत. दोन चहा सांगत, एक अण्णांसमोर ठेवत. दोघं काही बोलत नसत. ग्लास रिकामा झाला की मामा निघत.

मामांचं दुखणं सुरू झालं तेव्हा त्यांनी त्याचीही थट्टाच केली. कंबर उपवर झालीय, हट्ट करूलालीय, असं ते आईला म्हणाले. आईने निर्गुडीचं तेल दिलं, खडेमीठ भाजून फडक्यात बांधून शेकायला दिलं. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या. मग शर्टाखाली पट्टा आला. दुपारी ते पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे गार फरशीवर पाठ टेकत आणि पाय रिकाम्या कॅनांवर ठेवत. मी कॉलेजातून आले की आधी त्यांचे तळवे दिसत. डाव्या पायाला टाचेपर्यंत मुंग्या येतात, एवढं ते एकदा बोलले.

मग ते दोनाऐवजी एकच कॅन नेऊ लागले. आम्हाला वाटलं, बरं झालं. पण घरं तेवढीच होती. एक कॅन न्यायचा म्हणजे तोच जिना दुप्पट वेळा चढायचा. ओझं निम्मं झालं आणि चढण दुप्पट झाली. हे मला कागदावर मांडल्यासारखं स्वच्छ दिसत होतं, आणि त्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

आईने हात जोडले, दादा, महिनाभर पडून राहा, आम्ही आहोत. मामांनी फक्त हनुवटीने गल्लीच्या तोंडाकडे खूण केली, चहाच्या गाडीकडे. तिथे यादगिरी अण्णा बसलेले होते.

लिफ्टचं सांगायला हवं. आमच्या लिफ्टमध्ये पूर्वी एकदा कोणा पाणीवाल्याचा कॅन फुटला होता. पाणी खाली यंत्रात गेलं, लिफ्ट बंद पडली, आणि पाचव्या मजल्यावरच्या आजारी आजोबांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणावं लागलं. तेव्हापासून असोसिएशनचा नियम झाला की पाण्याचे कॅन जिन्यानेच न्यायचे. तो नियम दुष्टपणाने केलेला नव्हता. पण तो पाळून घेण्याचं काम माझ्या वडिलांचं होतं.

एका दुपारी वडिलांनी स्वतः लिफ्टचं बटण दाबलं आणि पायाने दार अडवून धरलं. मामा त्यांच्याकडे बघत राहिले. वडील म्हणाले, जा. काही दिवस असं चाललं. मग सेक्रेटरी सरांनी कॅमेऱ्यात बघितलं. त्यांनी वडिलांना वर बोलावलं. ते ओरडले नाहीत. नियम सगळ्यांना सारखा, एवढं म्हणाले, आणि खोलीसकट मिळणारी नोकरी हवी असलेले पुष्कळ आहेत, हेही शांतपणे म्हणाले. वडील खाली आले आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वडील मामांना काय सांगावं याची जुळवाजुळव करत गेटशी उभे होते. मामा आले, त्यांनी वडिलांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, कॅन खांद्यावर घेतला आणि थेट जिन्याकडे वळले.

"लिफ्टमदी जीव घाबरतंय, दाजी," ते म्हणाले. "आपला जिनाच बरा."

वडील फडकं घेऊन एक गाडी पुसायला लागले. ती गाडी ते सकाळीच पुसून बसले होते.

शिवरात्रीच्या आसपासची गोष्ट. कॉलेज लवकर सुटलं होतं, मी खोलीत होते. मामांचं पाऊल छपरावरून वर गेलेलं मी ऐकलं होतं, खाली येताना ऐकलं नव्हतं. गेटशी त्यांचा ऑटो आडवा होता आणि मागे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. वडील गच्चीवर टाकी बघायला गेलेले. म्हणून मीच मामांना बोलवायला जिना चढले.

ते तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधे, वळणावर उभे होते. तोंड भिंतीकडे, एक पाय एका पायरीवर, दुसरा वरच्या पायरीवर. खांद्यावर कॅन. मानेवरून घाम खाली जात होता. भिंतीपलीकडून लिफ्ट वर गेली, आतलं माणूस फोनवर हसत होतं.

"मास्तरीण," ते न वळता म्हणाले, "हात नको लावू. घाई बी करू नको. माझा पाय कुटंय ते मला कळंना झालंय."

मी गच्चीवर धावले. वडील आले. त्यांनी खालून कॅनला आधार द्यायचा प्रयत्न केला. कॅन जरासा हलला आणि मामांच्या तोंडून जो आवाज आला तो मी त्याआधी ऐकला नव्हता. वडिलांनी हात काढून घेतले. मामांना वर जाता येत नव्हतं, खाली उतरता येत नव्हतं. वाकता येत नव्हतं, म्हणून कॅन खाली ठेवताही येत नव्हता. जिना अरुंद. दोघांनी दोन बाजूंनी धरून अलगद उचलावा एवढीही जागा नव्हती. आम्ही तिघं नुसते उभे राहिलो.

वडील मला म्हणाले, टोपण काढ.

"न्हाई दाजी," मामा म्हणाले. "जिना भिजंल. वरचे लोक तुमालाच बोलतील."

"बोलू दे."

मी सील ओढलं. टोपण घट्ट होतं. ते निघाल्यावर पाणी भसाभसा आलं. मामांच्या छातीवरून, पोटावरून, पायांवरून ते पायऱ्यांवर पडलं आणि एकेक पायरी उतरत खाली गेलं. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं, मग दुसऱ्यावरचं. कोणीतरी तेलुगूत विचारलं काय झालं, पाणी कुठून येतंय. कॅन हलका होत होता आणि मामांचे डोळे मिटलेले होते. पाणी संपल्यावर वडिलांनी रिकामा कॅन नुसत्या एका हाताने काढून घेतला. तरी मामा बराच वेळ खांदा तसाच उचललेला ठेवून उभे होते.

सोहनी मॅडम खुर्ची घेऊन आल्या. मामांना बसता येत नव्हतं. मॅडमकडे बघून ते म्हणाले, "तुमचंच राहिलं."

दुसऱ्या दिवशी त्यांना कोटी भागातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. आईने मला बरोबर पाठवलं, कारण मी शिकलेली. खरं तर तिथे माझा काही उपयोग नव्हता. मामांना तेलुगू माझ्यापेक्षा चांगली येते, आणि डॉक्टर जे इंग्रजीत म्हणाले त्यातलं अर्धं मलाही कळलं नाही. मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली आहे, एवढं समजलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण नीट बोलले. किती वर्षं उचलताय, एकाच खांद्यावर का, जिना किती, मधे थांबता का, असं विचारलं. मामांनी अभिमानाने सांगितलं, कधीच ठेवत नाही. डॉक्टर म्हणाले, तेच चुकलं. दर मजल्यावर थांबायला हवं होतं, ओझं कमरेएवढ्या उंचीवर टेकवायला हवं होतं, खांदा बदलायला हवा होता. मामा ऐकत राहिले. इतकी वर्षं जे ते लोकांना हसून सांगत आले होते ते चूक होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरताना मी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

आता पडून राहायचं, मग हळूहळू चालायचं, पण वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कधीपर्यंत, असं मामांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, दुसरं काम बघा.

मामा जरा हसले. "दूसरा काम नै साब," ते म्हणाले, "दूसरी कमर मिलती तो देखो."

डॉक्टरही हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मामांची खोली गल्लीच्या मागच्या अंगाला, पत्र्याची. त्या संध्याकाळी आम्ही सगळे तिथे बसलो होतो. मामा जमिनीवर सतरंजीवर उताणे. सुमनमामी, त्यांची बायको, दारात. ती दोन-तीन घरी भांडी घासायची, कमी बोलायची. वडील म्हणाले, गावाकडून पुतण्याला बोलावतो, तो नेईल कॅन. मामा म्हणाले, नको. प्लांटच्या मालकाने एक माणूस देऊ केला होता. त्यालाही नको. वडील वैतागले. म्हणाले, अरे पण कोणीतरी चढायला पाहिजे, दिवस मोजूलालेत लोक. मामा छताकडे बघत होते. त्यांना कोणाचं नाव घ्यायचं नव्हतं. आपण काय केलं होतं ते त्यांना माहीत होतं, आणि ते काही चोर नव्हते. म्हणूनच दुसरा भला माणूसही तेच करेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुमनमामी दारातूनच बोलली.

"मी जाते. मी गेले तर लाईन परत मिळंल. दुसरं कोन परत देतंय?"

मामांना कूस बदलता येत नव्हती, म्हणून त्यांनी डोळे मिटले.

सुमनमामीने कॅन खांद्यावर घेतला नाही. ती तो कमरेवर घ्यायची, गावाकडे बायका घागर घेतात तसा, एका हाताने कवटाळून, अंग दुसऱ्या बाजूला झुकवून. पहिले काही महिने प्लांटचा एक माणूस ऑटो चालवायला यायचा, पण जिना तीच चढायची. एक दिवसही चुकवला नाही. मजल्यांना तिने नावं ठेवली नाहीत. दार उघडेपर्यंत ती कॅन कमरेवर घेऊन उभी राही, आणि लोक तिच्याकडे न बघता घाईघाईने आत वाट देत.

सोहनी मॅडमना ते बघवेना. त्या असोसिएशनच्या मीटिंगमध्ये बोलल्या. बाई माणूस आहे, असं म्हटल्यावर सेक्रेटरी सरही लगेच कबूल झाले. लेडीज आहे म्हणून एका वेळी एक कॅन लिफ्टने नेऊ द्या, असं त्यांनी वडिलांना सांगितलं. वडिलांना एवढा आनंद झाला की ते पळत मामांच्या खोलीवर गेले. मी मागे होते. मामा पडल्यापडल्या हसले, खूप दिवसांनी.

"मंग मला बी लुगडं नेसायला सांगायचं हुतं ना, दाजी," ते म्हणाले.

वडील हसता हसता थांबले.

आणि ती सवलत आमच्या एका इमारतीपुरती. बाकीच्या इमारतींना लिफ्टच नव्हती.

उन्हाळा उतरताना मामा चालू लागले. मग ऑटो चालवू लागले. प्लांटच्या माणसाची गरज उरली नाही. मामा चालवायचे, मामी चढायची. ट्रॉलीवरून कॅन खाली द्यायलाही त्यांना मनाई होती. मामी मागची फळी पाडून स्वतःच ओढून घ्यायची. पुढल्या महिन्यात मी घेतो, असं मामा भेटेल त्याला सांगत. तो पुढला महिना मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षात ऐकला आणि तिसऱ्यातही ऐकला.

त्या काळात त्यांनी एक काम केलं. घराघरांतून जुने प्लॅस्टिकचे स्टूल मागून आणले. कोणाचा पाय मोडका, कोणाचा रंग गेलेला. पाय तारेने बांधले आणि बिनलिफ्टच्या प्रत्येक इमारतीत, जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक नेऊन ठेवला. स्वतः चढून ठेवला, हातात नुसता स्टूल म्हणून चालतंय म्हणाले. मामीने कॅन त्यावर टेकवायचा, दम घ्यायचा, पुन्हा कमरेवर ओढायचा. डॉक्टरांनी सांगितलेली कमरेएवढी उंची त्यांनी लक्षात ठेवली होती. दोन इमारतींत ते स्टूल राहिले. एकीत मुलांनी खेळायला नेले. एकीत कोणीतरी त्यावर तुळशीची कुंडी ठेवली, आणि कुंडी हलवा असं सांगायला मामा गेले नाहीत. देवाचं झाड आहे, म्हणाले.

लाईन टिकली. एकही घर गेलं नाही. पाणीवाले आपसात बोलताना नागनाथची लाईन असंच अजून म्हणतात.

यंदा वडिलांना दुसरीकडे, मियापूरच्या बाजूला काम मिळालं आणि आम्ही ती खोली सोडली. मामांच्या घरी आई सणाला जाते. माझं जाणं होत नाही, नोकरीचे अर्ज चालू आहेत. शेवटचं पाहिलं ते मी शेवटच्या पेपरला निघाले होते तेव्हा, सामान हलवण्याच्या आदल्या दिवशी.

सकाळची वेळ. गल्लीतल्या एका जुन्या इमारतीसमोर त्यांचा ऑटो उभा होता. मामा सीटवर बसलेले, पट्टा बांधलेला, हात हँडलवर. मी हाक मारणार होते, तेवढ्यात सुमनमामी रिकामे कॅन घेऊन जिन्यातून खाली आली. ती लगेच बाहेर आली नाही. गेटच्या खांबाआड, जिथे ऑटोतून दिसणार नाही असं तिला वाटलं असेल, तिथे थांबली. कॅन भुईवर ठेवले. दोन्ही हात कमरेवर मागे दाबले आणि डोळे मिटून हळूहळू मागे वाकली. तशीच राहिली. मग हात सोडले, पदर सारखा केला, चेहरा नीट केला, कॅन उचलून ऑटोकडे आली.

मामांनी काहीतरी विचारलं. काय न्हाई, असं ती म्हणाली आणि मागे फळीवर जाऊन बसली.

मी उभी होते तिथून ऑटोचा बाजूचा आरसा मला दिसत होता. त्यात गेटचा खांब होता, आणि मामांच्या सीटवरून खांबामागची जागाही दिसत असणार. मामांनी लगेच ऑटो सुरू केला नाही. हात बाहेर काढून त्यांनी तो आरसा थोडा बाहेरच्या बाजूला वळवला, आणि ऑटो पुढच्या इमारतीकडे नेला.